सुरम्याचा दगड

मी मुकुटबनहून घरी आलो तेव्हा बहिणीच्या तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत जाड काळी रेघ होती. बहीण बाळंतपणाला तांड्यावर आलेली. याडी, म्हणजे आमची आई, खलबत्ता पुसत होती. खलाच्या तळाशी करडी चकाकी.

"हे कुठून आणलं?"

"बोअरवाले टाकून गेले तिथून. सुरम्याचा दगड आहे. तुपात खलला. उचलून पाह्य, किती जड! आपले लोक बैलावर लादून विकत फिरत."

तिनं दगड बरोबर ओळखला होता. पिढ्यान्‌पिढ्या माल वाहणाऱ्यांची पोर ती, वजनावरून आणि चकाकीवरून ओळखणारच. पण तो दगड शिशाचा आहे, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

"याडी, विष आहे ते. पूस आधी!"

"विष? मंग आपले बैल वाहून वाहून कायले नाही मेले?"

"बैलांच्या डोळ्यांत घालत होते का?"

बहिणीनं तोवर ओल्या फडक्यानं बाळाचे डोळे पुसायला घेतले होते. बाळ किंचाळत होतं.

आमच्या शेतांखालचा चुनखडक म्हणजे एका जुन्या समुद्राचा तळ. खोलवरचं कढत, खारट पाणी वाटेतल्या दगडांतलं शिसं आणि जस्त विरघळवत भेगांमधून वर चढलं. चुनखडकाच्या पोकळ्यांत त्याला गंधक भेटलं आणि दोन्ही धातू तिथंच बसले. शिसं चकचकीत करड्या चौकोनी खड्यांत, जस्त मधाच्या रंगात. माणूस जन्मायच्या आधीपासून ते तिथं गुपचूप पडून होतं. खाण निघते का ते पाहायला आलेल्या कंपनीवाल्यांनी बोअर मारून दगडाच्या लांबट गोल कांड्या वर काढल्या, पाहिल्या आणि पांदणीच्या, म्हणजे शेतवाटेच्या कडेला फेकल्या. ना कुंपण, ना पाटी.

मी तसाच कंपनीच्या तंबूवर गेलो. साहेब खुर्चीत बसून चहा पीत होता.

"माल कमी निघाला, भाऊ. खाण परवडत नाही. तू कायले तापून राह्यला? कचरा आहे तो."

"तुमचा कचरा माह्या भाच्याच्या डोळ्यांत गेला!"

"आम्ही सांगितलं होतं का घालायले?"

नाही सांगितलं. काहीच नाही सांगितलं, हाच तर गुन्हा. बोअर मारायच्या आधी ग्रामसभेत रोजगाराची भाषणं झाली, हार झाले. कांड्यांत काय आहे यावर एक वाक्य नाही. खाणीला पुरत नाही म्हणे. तान्ह्या पोराला किती पुरते, ते मोजलं का कोणी?

परत आलो तर याडी घरात नव्हती. सुरम्यासाठी आणलेल्या कांडीचा उरलेला तुकडा पदरात घेऊन ती दारोदार, हे विष आहे, असं सांगत फिरत होती. तिचं पाहून आणखी घरांत दगड खलला गेला होता. मी पत्रकं वाटली असती तर बायांनी चुलीत घातली असती. तिचं ऐकत होत्या, शिव्या देत देत खल धूत होत्या.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रक्तातलं शिसं इथं तपासत नाहीत, नागपूरला न्या. याडीनं बाळाला छातीशी धरलं.

"डोळ्यातलं पुसलं रे. आत गेलं असंल, ते?"

नागपूरची गाडी सकाळी होती. पिशवीत बाळाची दुपटी भरली आणि खाली ती कांडी ठेवली. आधी तपासणी. मग ती कांडी कलेक्टरच्या टेबलावर.