न टाचलेली चिठ्ठी

रविवार, २४ एप्रिल १९६०. मेतकुटाच्या डब्यावर मांजरपाट शिवायला बसले आहे. तीन बाजू झाल्या, चौथी राहिली. पत्ता आधीच लिहून घेतला, कारण शिवल्यावर कापडाला सुरकुत्या पडतात आणि अक्षर बिघडतं. शाई ऑफिसातली, पेनही ऑफिसातलंच. वसंत प्रधान, खाली कंपनीचं नाव, त्याखाली श्टुटगार्ट, पश्चिम जर्मनी. 'वसंत' लिहून झालं आणि हात थांबला. तीन वर्षांत असे सात-आठ डबे पाठवले. दर वेळी हात तिथेच थांबतो.

का थांबतो, ते आज सांगणार आहे. कुणालाच सांगितलेलं नाही – वसंताला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढेही नाही. देवाला सांगून काय उपयोग? त्याची कुठे जागा गेली होती?

मी ट्रेसर आहे. परळच्या एका कारखान्यात, जिथे पंप आणि व्हॉल्व्ह तयार होतात. यजमान गेले तेव्हा वसंत सात वर्षांचा होता. त्याच वर्षी नोकरीला लागले, त्याला आता सतरा वर्षं झाली. ड्राफ्ट्समन कागदावर पेन्सिलीने ड्रॉइंग काढतो. मी त्यावर ट्रेसिंगचं कापड ताणते, खडूची पूड फिरवते आणि काळ्या शाईने रेघेवर रेघ काढते. त्या कापडावरून निळ्या प्रती निघतात आणि कारखान्यात जातात. काम सोपं नाही, पण डोकं चालवायचं काम नाही असं सगळे समजतात. नियमही तसाच आहे. पेन्सिलीत जे असेल ते शाईत उतरवायचं. सुधारायचं नाही.

पण सतरा वर्षं ड्रॉइंगं बघितल्यावर डोळा गप्प बसतो का? एखादं माप राहिलेलं असतं, एखादी बेरीज जुळत नसते. तेव्हा मी एक चिठ्ठी लिहून ड्रॉइंगच्या कोपऱ्याला टाचते. चिठ्ठीवर एकच प्रश्न. ज्याचं ड्रॉइंग तो येतो, बघतो, दुरुस्त करतो, चिठ्ठी फाडून टाकतो. कुणाला कळत नाही, कुणाची लाज जात नाही. नियमात हे कुठेच नाही, पण आमच्या ड्रॉइंग हॉलमध्ये 'प्रधानबाईंची चिठ्ठी' सगळ्यांना ठाऊक. शांताराम म्हणायचा, "बाई, आठवडाभर चिठ्ठी आली नाही की मला वाटतं तुमचं माझ्यावरचं लक्ष उडालं."

शांताराम मोहिते. ज्याच्याविषयी हे लिहायचं आहे तो हाच. नायगावच्या चाळीत राहतो. वडील गिरणीत होते. दिवसा हेल्परचं काम करून संध्याकाळच्या वर्गांना माटुंग्याला जायचा, तसाच डिप्लोमा पुरा केला आणि ड्रॉइंग हॉलमध्ये आला. आमच्याकडे त्याच्याइतका स्वच्छ हात कुणाचा नव्हता. गुप्तेसाहेब, आमचे चीफ, कुणाची स्तुती करत नाहीत. तेसुद्धा नव्या माणसाला शांतारामचं ड्रॉइंग दाखवून म्हणायचे, "हे बघ, आणि असं काढता येईपर्यंत मला तोंड दाखवू नकोस."

छप्पन सालच्या जानेवारीत वसंत डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून शहर पेटलं होतं. सकाळी मला सांगून गेला की कॉलेजला जातो, आणि गेला गिरगावात, मोर्च्याबरोबर. दुपारी गोळीबाराची बातमी आली, संध्याकाळी संचारबंदी. वसंताचा पत्ता नाही. दोन दिवस मी खिडकीशी बसून होते – रडले नाही, रडून काय होणार – पण ते दोन दिवस मला अजून तासातासाने आठवतात.

तिसऱ्या दिवशी संचारबंदी उठली तेव्हा दारात शांताराम. वसंत त्याला गिरगावात एका गल्लीच्या तोंडाशी सापडला होता. पळताना पत्रा लागून पोटरी फाटलेली, आणि मागून पोलिसांची गाडी माणसं भरत येत होती. शांतारामने त्याला एका वखारीत ओढलं, स्वतःचा सदरा फाडून पाय बांधला आणि अंधारलेल्या गल्ल्यागल्ल्यांतून नायगावपर्यंत निम्मं उचलून, निम्मं चालवत नेलं. दोन दिवस त्याच्या आईने वसंताला सांभाळलं. मी आणायला गेले तेव्हा तिने माझ्या हातात चहाची कपबशी दिली आणि म्हणाली, "पोरगा तुमचा लय लाजरा हो, बाई. भूक लागली तरी मागून खात नाय. मी आपली ताटात वाढतच राहिले."

तो चहा मी प्यायले. हे का सांगते? कारण त्याआधी मी त्या वस्तीत कधी गेले नव्हते, आणि गेले असते तरी प्यायले असते का, ते सांगता येत नाही. त्या दिवसापासून मी शांतारामला ऑफिसातसुद्धा 'मोहिते, तुम्ही' म्हणायचं सोडलं आणि 'शांताराम, तू' म्हणू लागले. त्याच वर्षाअखेर त्यांच्या घराने बौद्ध धर्म घेतला. त्याच्या आईने मला मुद्दाम बोलावून नवी तसबीर दाखवली.

वसंत पास झाला. पण तेव्हा डिप्लोमावाल्यांना विचारत कोण होतं? एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या कार्डावर शिक्के मारून घ्यायचे, जाहिरातीत शेवटची ओळ ठरलेली – अनुभव हवा. नोकरीशिवाय अनुभव नाही, अनुभवाशिवाय नोकरी नाही. आठ महिने घरी बसला. शेवटी आमच्याच हॉलमध्ये जागा निघाली. ती निघाल्याचं वसंताला कुणी सांगितलं आणि गुप्तेसाहेबांकडे शब्द कुणी टाकला? शांतारामने. मला साहेबांकडे जायची लाज वाटत होती.

मग सत्तावन्न साल आलं. ज्यांच्याकडून आमची यंत्रं यायची त्या जर्मन कंपनीचं पत्र आलं, की तुमच्याकडचा एक ड्राफ्ट्समन आमच्या ऑफिसात तीन वर्षं कामाला पाठवा. कामाचा परवाना आणि व्हिसा आम्ही काढू. जागा एक, व्हिसावर नाव एक. जो जाईल तो परत आल्यावर कुणाच्या हाताखाली बसणार नाही, हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गुप्तेसाहेबांनी दोन नावं काढली: शांताराम आणि वसंत. दोघांनी एकाच व्हॉल्व्हचं ड्रॉइंग काढायचं, त्याच्या निळ्या प्रती जर्मनीला जायच्या, आणि निवड तिकडे व्हायची.

दोन्ही ड्रॉइंगं ट्रेसिंगला माझ्याकडेच आली. कुणीतरी कुजबुजलं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंच्या पेनाला नातंगोतं कळत नाही." मी मान खाली घालून कापड ताणत होते.

वसंताच्या ड्रॉइंगमध्ये भिंतीच्या जाडीचं एक माप राहिलं होतं. मला दहा मिनिटांत दिसलं. चिठ्ठी टाचली – जाडी किती? तो आला, माप घातलं, गेला.

मग शांतारामचं घेतलं. ड्रॉइंग सुंदर होतं. वसंताचं त्याच्या जवळपासही नव्हतं. नळाच्या तोंडाशी जी गोल चकती असते, फ्लँज, तिच्यात बोल्टची भोकं असतात. वरून दिसणाऱ्या आकृतीत त्याने आठ भोकं काढली होती. शेजारच्या टिपेत लिहिलं होतं – सहा. त्या आठवड्यात त्याची आई हॉस्पिटलात होती. तो तिथून थेट ऑफिसात यायचा. आठ आणि सहा. मी पुन्हा मोजली, बोट ठेवून मोजली. मग चिठ्ठीचा कागद पुढे ओढला.

आणि परत ठेवला.

बस्स, एवढंच. मी काही खोडलं नाही, काही बदललं नाही. नियमाप्रमाणे पेन्सिलीतलं शाईत उतरवलं – आठ भोकं काढली, आणि शेजारी माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात सहा लिहिलं. हात थरथरला का? नाही. तेच मला आज सगळ्यांत वाईट वाटतं. त्या कापडावर एक रेघसुद्धा हललेली नाही.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. एक ड्रॉइंग फारच स्वच्छ आहे, पण त्यात बोल्टच्या भोकांची ढोबळ विसंगती आहे, सबब दुसऱ्याला पाठवावं.

वसंताचं पासपोर्टचं काम सुरू झालं. साध्या वेशातला पोलीस चौकशीला आमच्या बिल्डिंगमध्ये आला. त्याने खालच्या मजल्यावर विचारलं, हा मुलगा मोर्च्यात होता का? खालच्या टेंब्यांच्या काकू म्हणाल्या, "मोर्च्यात आम्ही सगळेच होतो. लिहा तुम्ही आख्ख्या बिल्डिंगचं नाव." पोलीस हसला. पण पकडला गेला होता का, असं त्याने परत विचारलं, आणि खरं तर तो तेच विचारायला आला होता. पकडला गेलेला नव्हता. ठाण्यातल्या कुठल्याही वहीत त्याचं नाव नव्हतं. का नव्हतं, ते मला माहीत होतं. ज्याने ते नाव वहीत पडू दिलं नाही, त्याचीच जागा घेऊन माझा मुलगा चालला होता.

मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे – शांताराम आमच्यातला असता, गिरगावातल्या कुणा नातेवाइकाचा मुलगा असता, तर तो कागद मी परत ठेवला असता का? मुलापुढे कुणाचंच चाललं नसतं, असं म्हणावंसं वाटतं. पण खात्री नाही. नातेवाइकांत बोभाटा होतो, तोंड दाखवायचं असतं. नायगावला मला कोण विचारणार होतं?

वसंत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी शांताराम माझ्या टेबलाशी आला. मला वाटलं, आता विचारेल. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं – निदान तसं वाटतं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही मनाला लावून घेतलंय, मला दिसतंय. इतक्या वर्षांत एक सुटलं. चूक माझी आहे, तुमची नाही. आणि या कोपऱ्यात उजेड तरी कुठे धड येतो?"

पुढच्या आठवड्यात त्याने भंगारातून एक लवता दांडा आणला, त्याला शेड बसवली आणि माझ्या बोर्डावर दिवा लावून दिला. माझी नजर अधू झाली असं तो धरून चालला होता. मी म्हटलं, छान झालं. तीन वर्षं त्या दिव्याखाली बसते.

आभार मानायचे तर शांतारामचेच मानायला हवेत, आणि ते मी रोज मानत आले आहे – मुलगा जिवंत हाती दिला म्हणून, त्याला नोकरी मिळवून दिली म्हणून, वसंताच्या पत्राला उशीर झाला की माझ्याआधी तोच टपालाची चौकशी करतो म्हणून. त्याची आई हॉस्पिटलातून बरी होऊन आली; दर दिवाळीला मला फराळाचं पाठवते. माझ्या घरात जे काही चांगलं आहे ते त्या घरातून आलं. नुसती कृतज्ञता असती तर मी सुखी बाई असते.

आणि त्याचं काय झालं? तो त्याच बोर्डावर आहे. पण हात पूर्वीचा राहिला नाही. रेघ तशीच आहे, धीर गेला. प्रत्येक ड्रॉइंग तीन-तीनदा तपासतो, भोकं बोट ठेवून मोजतो. साहेब कुरकुरतात, "मोहिते, सकाळपासून एकच शीट?" आता त्याच जर्मन कंपनीने पुन्हा एक माणूस मागितला आहे. इच्छुकांनी सोमवारी संध्याकाळपर्यंत भिंतीवरच्या यादीत नाव घालायचं आहे. काल मी शांतारामला विचारलं, तुझं नाव कुठे दिसलं नाही ते?

म्हणाला, "नको बाई. ज्याला आठ आणि सहा कळलं नाही, त्याने कशाला जायचं? वसंताकडून अशी चूक झाली असती का?"

झाली होती. तशीच झाली होती, आणि ते वसंताखेरीज जगात मला एकटीला माहीत आहे.

खाली बिल्डिंगमधले लोक पताका कापत बसलेत. पुढच्या रविवारी महाराष्ट्र राज्य होणार. मी मेतकुटाच्या डब्यात वसंतासाठी एक कागद घातला. त्यात हेच सगळं आहे, याहून थोडक्यात. मग चौथी बाजू शिवून टाकली.

सोमवार. आठ वाजता ऑफिसात पोचले, हॉलमध्ये अजून कुणी नव्हतं. जुन्या ट्रेसिंगच्या खणातून सत्तावन्न सालची दोन्ही कापडं काढली आणि शांतारामच्या बोर्डावर शेजारी-शेजारी ठेवली. वसंताच्या कापडाला चिठ्ठी टाचली: 'यात जाडीचं माप राहिलं होतं. मी चिठ्ठी दिली म्हणून ते आता आहे.' शांतारामच्या कापडाला दुसरी: 'भोकं आठ की सहा? हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. तुला चिठ्ठी दिली नाही.' खाली सही केली. तीच वाक्यं एका कागदावर उतरवून गुप्तेसाहेबांच्या टेबलावर ठेवली.

मग माझ्या जागेवर आले, दिवा लावला, कापडावर खडूची पूड फिरवली आणि पेनात शाई भरली. जिन्यावर शांतारामच्या चपला वाजल्या तेव्हा पहिली रेघ निम्मी झाली होती. ती पुरी केली.