मशीनची उत्तरपूजा

माझं काम नक्की काय, हे निपाणीच्या माझ्या मावशीला आजतागायत कळलेलं नाही. "कारखान्यात जातेस पण कामगार नाहीस, शिकवतेस पण मास्तरीण नाहीस, मग पगार कशाचा घेतेस गं?" असं ती दर दिवाळीला विचारते. मी जॉब कोच आहे. ज्यांचं शरीर किंवा मेंदू चारचौघांपेक्षा वेगळ्या तऱ्हेने चालतो, त्यांना नोकरीत रुळायला मदत करायची आणि त्यांच्या शेजारी काम करणाऱ्यांनाही रुळवायचं. दुसऱ्या भागात माझा जास्त घाम निघतो. काम फत्ते झाल्याची खूण एकच, तिथे माझी गरज उरत नाही. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणेल, म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय आणायचा धंदा.

बंगळुरातल्या पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीत, एका छोट्या कारखान्यात मी ज्याला घेऊन गेले, तो तिशीला टेकलेला होता. त्याला ऑटिझम आहे. घर चामराजपेटेतलं, पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेलं, मराठीत निम्मं कन्नड मिसळलेलं. आधी एका सुपरमार्केटमध्ये लागला होता. तिथे गिऱ्हाइकांशी हसून बोलत नाही म्हणून काढून टाकलं, आणि मग किती तरी दिवस तो घराच्या उंबऱ्याबाहेर पडलाच नाही. त्याची आई घरी शिवणकाम करते. पहिल्याच भेटीत माझा हात धरून म्हणाली, "अक्का, हे पण गेलं तर तो परत बाहेर पडणार नाही बघा. स्वल्प सांभाळून घ्या."

कारखान्यात पंपाला लागणारे पितळी भाग बनतात. त्याला ड्रिल मशीनचं काम मिळालं. आमच्या कामात रीत अशी की शिकवायच्या आधी ते काम स्वतः करून बघायचं. मी मशीनवर उभी राहिले, पितळेच्या बारीक कपच्यांनी बोटं चिरून घेतली, चार शिव्या हासडल्या आणि मगच त्याला शिकवायला घेतलं. काम तो पटकन शिकला. त्रास आवाजाचा होता. पलीकडचा प्रेस धाडकन आदळला की तो कानांवर हात दाबून खाली बसायचा. त्याला कानांवर लावायचे मफ दिले, आणि प्रेसवाल्याने दट्ट्या सोडायच्या आधी हात वर करायचा असं ठरलं. आवाज होणार हे आधी कळलं की तो सहन करू शकत होता. प्रेसवाला पहिल्यांदा कुरकुरला, मग नाटकातल्या राजासारखा हात वर करायला लागला.

सुपरवायझर चिकोडीकडचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. माझ्याशी मराठीत बोलायला मिळतं याचाच त्यांना आनंद. त्यांना मी एक नियम घालून दिला होता, त्याला अर्धं वाक्य सांगायचं नाही. काय करायचं, कुठे करायचं, कुठवर करायचं, सगळं बोलून दाखवायचं. 'जरा बघून घे' असलं काही चालणार नाही. अण्णा हसले होते. "अक्का, आमच्या बायकोला पण हा नियम शिकवा की."

मी हळूहळू मागे सरकत गेले. आधी मशीनजवळ, मग खांबाशी, मग दाराशी, मग रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर. शेवटी महिन्यातल्या पहिल्या सोमवारी एक चक्कर, एवढंच राहिलं. त्याचं प्रोबेशन दसऱ्यानंतर संपणार होतं आणि मालक कायम करायचं की नाही ते तेव्हा ठरवणार होते.

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, पीण्याचं रूपच पालटतं. फाटकाफाटकाला केळीचे खांब, मशीनना शेवंतीच्या माळा, रस्त्यावर कुंकू भरून फोडलेले कोहळे. कामगारांच्या हातात चुरमुऱ्यांच्या आणि मिठाईच्या पिशव्या. पूजा झालेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नसतो, हे इथे सांगावं लागत नाही. त्या दिवशीच्या गडबडीत अण्णांनीही सांगितलं नाही. मोठ्यानं एवढंच म्हणाले, पूजा झाली, आता मशीनला कुणी हात लावायचा नाही.

दसऱ्याची सुटी संपून कारखाना उघडला त्या सकाळी मालकांचा फोन आला. आवाज चढलेला. दुपारी गाडीत माल चढवायचाय आणि तुमचा माणूस मशीनला हात लावत नाही. वेळेवर आला, झाडलोट केली, मफ लावले, आता हात पाठीमागे बांधून मशीनसमोर उभा आहे. तासभर झाला. घेऊन जा त्याला.

'घेऊन जा' ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. माणूस म्हणजे काय सायकल आहे, की पंक्चर झाली, घेऊन जा? मेट्रोत बसले आणि वाटभर मनातल्या मनात मालकांना झाडत होते. काय काय बोलायचं ते सगळं घोकलं, कन्नडमध्ये, चुका होऊ नयेत म्हणून दोनदा. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त होती. त्याच्या आईचा हात सारखा आठवत होता. हे पण गेलं तर.

कारखान्यात शिरले तर आतून घंटीचा आवाज येत होता आणि उदबत्तीचा वास सुटला होता. अण्णा हातपाय धुऊन, कपाळाला विभूती लावून एका लेथसमोर उभे होते. सुकलेली माळ त्यांनी उतरवली, मशीनवर अक्षता टाकल्या, देवीचा फोटो जरासा हलवला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पूजा संपली. आता हात लावायचा." लेथवाल्याने नमस्कार करून बटण दाबलं. अण्णा पुढच्या मशीनकडे वळले. कोपऱ्यातलं ड्रिल मशीन केव्हाच सुरू झालं होतं.

झालं होतं ते असं. मालक ओरडून थकल्यावर अण्णांनी स्टूल ओढलं, त्याच्याजवळ बसले आणि हळू आवाजात विचारलं, हात का लावत नाहीस? तो म्हणाला, "तुम्ही नाही म्हणालात. घरी शिलाई मशीनची पूजा झाली की आई सांगते, आता उद्या शिवायचं. इथे कधीपासून लावायचा ते कुणी सांगितलं नाही."

"अक्का, चूक माझीच हाय की," अण्णा मला म्हणाले. "कुठवर ते सांगितलोच नाही मी. मग म्हटलं, गणपतीची करतोय तशी उत्तरपूजाच करून टाकू. उघडून दिल्याशिवाय त्यानं तरी काय करायचं?" ड्रिलची उत्तरपूजा झालेली बघून प्रेसवाला अडून बसला, माझ्या मशीनने काय घोडं मारलंय? मग लेथवाले उठले. आता अण्णा सगळ्या शेडभर फिरत होते आणि मालक, माल अडलेला असूनही, हात जोडून उभे होते. पूजेला नको कोण म्हणणार?

माझं घोकलेलं भाषण वायाच गेलं. कुणाला ऐकवू? माझ्याकडे बघायलाही कुणाला सवड नव्हती. तो मात्र माल बदलता बदलता थांबला, मफ काढले आणि विचारलं, "तुम्ही का आलात? आज सोमवार नाही. आज तुमचा दिवस नाही."

"नाही," मी म्हटलं. "चुकून आले."

टपरीवर जाऊन मी चहा घेतला आणि तिथेच, रस्त्यावर, ढसाढसा रडले. टपरीवाला घाबरला. मला इतका अभिमान वाटत होता की तो कुठे ठेवावा ते कळेना. हे त्यांना मी शिकवलं नव्हतं, त्यांचं त्यांनी केलं होतं. माल दुपारी गेला. आठवडाभराने त्याची आई फोनवर फक्त "कायम केलं, अक्का, कायम केलं" एवढंच म्हणत राहिली. पुढच्या सोमवारी मी आमच्या संस्थेतली त्याची फाइल बंद केली.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. तो स्वतःहून कुणाला फोन करत नाही, मलाही कधी केला नव्हता. यंदा दसऱ्याच्या संध्याकाळी त्याचा फोन आला. "उद्या उत्तरपूजा आहे. सकाळी आठ वाजता. कारखान्यात." मी काही विचारायच्या आत ठेवूनही दिला.

मी ठेवणीतली इरकल नेसून गेले. सगळी माणसं आपापल्या मशीनपाशी हात मागे बांधून उभी होती. नव्या स्टोअरकीपरने अण्णांना विचारलं, ही कुठली पद्धत? शेजारच्या कारखान्यात तर केव्हाच कामाला लागले. अण्णा म्हणाले, "आमच्याकडे पहिल्यापासून असंच असतंय." 

अण्णांनी अक्षता टाकल्या, फोटो हलवला आणि बाजूला झाले. तो पुढे आला. "पूजा संपली. आता हात लावायचा," तो म्हणाला, आणि सगळी शेड एकदम सुरू झाली. प्रेसवाल्याचा हात आधीच वर गेला होता.

मी खांबाशी, माझ्या जुन्या जागी उभी होते. तो चुरमुऱ्यांची पिशवी घेऊन आला आणि माझ्या हातात दिली.

"आज तुमचा दिवस आहे," तो म्हणाला, आणि कामाला गेला.