गावपळणीआधीचं तेलपाणी

मार्गशीर्षातला पहिला रविवार, सकाळचा दुसरा चहा. हजर: मी, नवरा, सासूबाई आणि तिठ्यावरचा मेकॅनिक. अंगणात बॉनेट उघडून गाडी. मुलगी पुण्याला, तिचं मत आदल्या रात्री फोनवर आलं होतं, "विकून टाका आता ती." ते ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

गाडी लहान, पेट्रोलवर चालणारी. मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी घेतली आणि आता मुलगी नोकरीला लागली. चालते मात्र फार थोडी: बाजार, देऊळ, महिन्यातून एकदा सासूबाईंना घेऊन कुडाळचा डॉक्टर. त्यामुळे तेल बदलायचा विषय निघाला की दरवेळी नवऱ्याचं तेच उत्तर.

"गाडी चलता खंय? किलोमीटर तरी झाले काय?"

"दादानु, उभी रवली तरी तेल जुनां होता," मेकॅनिक म्हणाला. "आणि ब्रेक ऑइल तर हवेतलां पाणी ओढता. आपली हवा कशी ती तुमका म्हायत आसा."

"उभी रवान जुनी होता तशी मीय होतंय," सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या. "माका खंयचां तेल घालतलंस?"

मी गाडीचं पुस्तक वाचून ठेवलं होतं. त्यात प्रत्येक गोष्टीपुढे दोन अटी असतात: इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते. आमच्या गाडीचे किलोमीटर कधीच आधी होत नाहीत. महिन्यांच्या हिशेबाने चार कामं तुंबली होती: इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल. कूलंटच्या बाटलीत हिरव्याऐवजी चहाच्या रंगाचं पाणी दिसत होतं. गिअर ऑइल कधी बदललं ते कुणालाच आठवत नव्हतं, म्हणजे ते बदललंच नव्हतं.

खरं कारण वेगळं होतं. यंदा गावपळणीचं वर्ष. आमच्याकडे तीन-चार वर्षांनी ग्रामदेवाचा कौल होतो आणि अख्खा गाव, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरी, सगळं घेऊन तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. गावात जितं काही ठेवायचं नाही. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून एकदाही चुकल्या नव्हत्या. पण मागच्या वर्षी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. गुरांच्या टेम्पोत त्यांना चढवता येत नाही आणि झोपडीत जमिनीवर निजल्या तर उठवता येत नाही. गाडी धड असेल तरच त्या जाणार. गाडीतून जायचं आणि रात्री पुढची सीट मागे पाडून तिच्यावरच झोपायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं.

नवऱ्याचा बेत वेगळा होता, आईला त्याच्या बहिणीकडे ठेवायचा. "आवशीक वालावलीक ताईकडे पाठवया. तीय गावाच्या भायरच. देवाक काय फरक पडता?"

"पावण्याकडे जाणां आणि गावावांगडा जाणां एक न्हय," सासूबाई म्हणाल्या. "ताईकडे माका पंख्याखाली निजवन ठेवतले. थंय सगळी बायलमाणसां एका जाग्यार गावतत."

मी चारही कामं एकदम करायला सांगितली. कापणी झाली होती, पण मळणी अर्ध्या गावाची बाकी होती. कौल पौर्णिमेनंतर होईल असा सगळ्यांचाच अंदाज. मेकॅनिकने सोमवारी गाडी नेली.

मंगळवारी संध्याकाळी देवळाकडून बातमी आली. कौल झाला. गुरुवारी सकाळी गावाने निघायचं.

मी तशीच तिठ्यावर गेले. गाडी शेडमध्ये विटांवर चढवलेली. गिअर ऑइल काढून टाकलेलं आणि नवा डबा आलेला नाही. कूलंट काढलेलं, आणि ते काढताना रेडिएटरचा खालचा पाइप टोकाला चिरलेला. मेकॅनिक स्वतःच्या घरचा टोप आणि पाटा शेडमध्ये आणून बांधत बसला होता. त्यालाही निघायचं होतंच.

"वयनी, माका काय सपान पडला काय हो कौल इतक्या लवकर होतलो म्हणान?"

"मला तरी पडलं का?" मी म्हटलं. "पाइप कुठे मिळेल?"

"कुडाळात."

नवरा बुधवारी कचेरीतून येताना पाइप आणि गिअर ऑइल घेऊन आला. डबा बरोबर होता. पाइप त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचा निघाला. वाक उलट्या बाजूला. दुकान तोवर बंद.

"मगे वालावल," नवरा म्हणाला. त्यात जरा समाधान होतं असं मला वाटलं. सासूबाईंनी पळणीसाठी भरलेली पिशवी उघडून त्यातलं दुसरं लुगडं बाहेर काढून ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी टॉर्च घेऊन परत शेडमध्ये गेले. मेकॅनिकने तोवर विचार केला होता. जुन्या पाइपचं चिरलेलं टोक कापायचं, उरलेला पाइप ओढून बसवायचा, वरून ट्यूबच्या रबराची पट्टी आणि दोन क्लिपा. कूलंट घालून फुकट घालवण्यापेक्षा तीन दिवसांपुरतं साधं पाणी. गिअर ऑइल घालायचं. इथपर्यंत मला पटलं.

"आणि इंजिन ऑइल आसाच हय, तां फटकन काढतंय. ब्रेकाचाय करून टाकतंय एका दमात."

"नको."

"अवो, तुमीच सांगितलास मां, चारय करूक व्हये म्हणान?"

"तेव्हा वेळ होता. ब्रेक आत्ता लागतायत की नाही?"

"लागतत."

"मग त्याला हात लावू नका. इंजिन ऑइल जुनं आहे, पण आहे. आता गाडीतून काही काढायचं नाही, घालायचं तेवढं घाला."

चार कामांतली दोन मी तिथेच पुढे ढकलली, आणि कूलंटचं काम अर्धंच झालं असं लिहून घेतलं. मला अर्धी कामं आवडत नाहीत. पण वेशीपलीकडचा माळ तीन किलोमीटरवर, मध्ये एक चढ आणि पुलाकडे उतार. तेवढ्यासाठी ब्रेक उघडून त्यात हवा राहण्याचा धोका घेणं मला जास्त वाईट वाटलं. पट्टी बसवून झाल्यावर आम्ही गाडी चालू करून उभी ठेवली आणि दोघं खाली वाकून पाइपकडे बघत बसलो. थेंब आला नाही.

घरी येऊन मी ते लुगडं परत पिशवीत घातलं. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "उशीय घे मगे. ती मोठी."

गुरुवारी सकाळी ढोल वाजला आणि गाव हलला. बैल, टेम्पो, डोक्यावर टोपल्या, मोटारसायकलवर उलट्या लटकवलेल्या कोंबड्या. आमच्या डिकीत कोंबड्यांची पाटी आणि पाण्याच्या चार बाटल्या, माणसांसाठी दोन आणि रेडिएटरसाठी दोन. नवरा मोटारसायकलवरून पुढे. पुढे गुरं असल्यामुळे गाडी पहिल्या गिअरमध्येच रखडत होती. रेडिएटरला हेच नको असतं.

शेजारीण म्हैस हाकत आमच्या बरोबरीने चालली होती. तिने खिडकीत डोकावून विचारलं, "काय गो, माझी म्हस पुढे जायत, तुझी गाडी वेशीर पोचात मां?"

"तुझ्या म्हशीक सांग वाट सोडूक," सासूबाई म्हणाल्या. "मगे बगूया."

चढावर तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला. मी हीटर पूर्ण चालू केला. इंजिनची उष्णता तेवढीच आत येते आणि इंजिनला आराम पडतो. काचा खाली होत्या तरी गाडीत चुलीजवळ बसल्यासारखं झालं.

"माका शेकतंस कित्याक?" सासूबाई म्हणाल्या.

"गाडीला ताप आलाय, आई. तो आपण वाटून घ्यायचा."

त्यांनी पदराने वारा घेतला. चढ संपला तसा काटा थांबला, पुलावर थोडा खाली आला. वेशीपलीकडे आंब्याच्या सावलीत मी गाडी लावली. खाली वाकून बघितलं. पट्टी ओली होती, गळत नव्हती. नवरा झावळ्या घेऊन झोपडीला लागलाच होता. "इलास?" एवढंच म्हणाला, आणि आईला उतरवायला हात पुढे केला.

ते तीन दिवस सासूबाई गाडीचं दार उघडून पाय बाहेर सोडून बसायच्या. भोवती त्यांच्या वयाच्या बायका चटया टाकून. कोण कुणाच्या लग्नाला का गेलं नव्हतं, याचा निकाल त्या दिवसांत लागला. रात्री त्या सीटवर झोपल्या आणि पहाटे स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

परत आल्यावर मेकॅनिकने राहिलेली कामं एकेक करून केली, मागचं बंद केल्याशिवाय पुढचं उघडलं नाही. बरोबर मापाचा पाइप बसला, हिरवं कूलंट आलं, मग ब्रेक ऑइल, मग इंजिन ऑइल. मी चारही ओळींवर रेघ मारली. शेवटी तो म्हणाला, "वयनी, टायमिंग बेल्ट पण वयाचो झालो. किलोमीटरार जाव नुको. तुटलो तर इंजिन जायत." मला ते आधीच माहीत असायला हवं होतं, पुस्तकात आहे, पुढच्या पानावर. त्यासाठी इंजिनची एक बाजू उघडावी लागते आणि गाडी तीन-चार दिवस शेडमध्ये राहते.

बेल्ट मी मागवला. पण शेडमध्ये न्यायचा वार ठरवला की सासूबाई विचारतात, "तितक्यात काय इला तर?" पळण आता तीन-चार वर्षांनी, हे मी सांगते. डॉक्टरची तारीखही लांब आहे, हेही सांगते. "तां खरां," त्या म्हणतात, "पण गाडी उघडून ठेवची नाय." तोपर्यंत गाडी फक्त बाजारापर्यंत न्यायची, असं मी ठरवलं आहे. बेल्ट खोक्यासकट कपाटावर आहे. वार ठरवायचा आहे.