मनीषाचं एकच ट्रस्टेड पोर्ट

मनीषा कामावर कोणावरही विश्वास ठेवत नसे.

तिला पगारच त्याचा मिळायचा.

कोथरूडच्या एका हॉस्पिटलचं नेटवर्क माझी बायको सांभाळायची. मी मराठी शिकवतो. तिचं काम मला तिनेच समजावलं. वारज्याहून निघालं की स्कूटर ती चालवायची आणि हेल्मेटमधून ओरडून सांगायची.

"कॉम्प्युटर सुरू झाला की विचारतो, नेटवर्कवर माझा पत्ता काय? जो आधी उत्तर देईल, त्याचं खरं मानतो. भोळा असते."

एकदा मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये वाय-फाय नीट येईना. हॉस्पिटल त्यांचंच. त्यांनी घरचा राउटर आणून भिंतीतल्या नेटवर्कच्या सॉकेटला जोडला.

राउटर सगळ्यांना पत्ते वाटू लागला. चुकीचे.

रिपोर्ट लॅबमध्ये तयार, वॉर्डात पोचेनात. सिस्टर कागद घेऊन जिने चढत होत्या.

मनीषाने राउटर काढला आणि सगळ्या कॉम्प्युटरच्या तारा जिथे येतात, त्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग नावाचा पहारा लावला.

म्हणजे पत्ता कुणीही मागावा. द्यायचा मात्र एकाच पोर्टमधून, म्हणजे तार खोचायच्या एकाच खाचेतून, जिथे पत्ते वाटणारा खरा सर्व्हर आहे. ते पोर्ट ट्रस्टेड, विश्वासाचं. बाकी सगळी अनट्रस्टेड.

कुणाला कोणता पत्ता मिळाला, ही जोडी स्विच लक्षात ठेवतो. त्याला बाइंडिंग म्हणतात. जोडी नसलेल्याला किंवा दुसऱ्याचा पत्ता लावून येणाऱ्याला तो अडवतो.

लॅबमधलं एक जुनं मशीन कधी पत्ता मागतच नसे. त्याला तो कायमचा भरून दिलेला. स्विचच्या लेखी ते परकं. अडलं असतं. तिने ते आधीच हेरलं आणि त्याची जोडी हाताने घातली.

"जे मागत नाही, त्याचं आपणच पाहावं लागते."

मोठ्या डॉक्टरांनी तिच्या स्क्रीनवर आपल्या केबिनच्या पोर्टपुढचा शब्द वाचला.

"अहो मॅडम, हॉस्पिटल माझं, आणि मीच अनट्रस्टेड?"

मनीषा यवतमाळची. पुण्याला तिची भाषा बदलता आली नाही.

"रागावता कायले जी सर? मी पण अनट्रस्टेडच आहो. हे पाहा माझं पोर्ट."

"ते काही नाही. माझं ट्रस्टेड करा."

"नाही जमत जी."

तिचं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. पुढच्या कंत्राटावर सही त्यांचीच लागणार होती.

मी म्हणालो, "कर ना. एका पोर्टने काय होतंय?"

"मागच्या वेळी एकानंच झालं."

काही दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी हट्टाने राउटर पुन्हा जोडला.

वॉर्डात कुणाला कळलंही नाही. रिपोर्ट जात राहिले.

त्यांचा फोन आला. "मॅडम, माझा राउटर बंद पडलाय."

"चालू आहे सर. त्याचं कोणी ऐकून नाही राहिलं."

पलीकडे मोठ्याने हसणं.

कंत्राटावर सही झाली. केबिनमध्ये रीतसर वाय-फाय बसलं. तिनेच बसवलं.

पोर्ट अनट्रस्टेडच राहिलं.

गेल्या वर्षी ती त्याच हॉस्पिटलमध्ये पेशंट म्हणून दाखल झाली.

सिस्टर वॉर्डातल्या कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या.

"आला का माझा रिपोर्ट?"

"आला मॅडम." सिस्टरचा आवाज उतरला होता.

"वेळ लागला का?"

"नाही. लगेच आला."

मनीषाने माझ्याकडे पाहिलं. परीक्षेत पहिली आल्यासारखं.

रिपोर्ट वाईट होता. पण पोचला होता.

मोठे डॉक्टर आले. खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, तुमचे उपचार मी स्वतः बघणार. माझ्यावर विश्वास आहे ना?"

"तुमच्यावर आहे जी. पोर्टवर नाही."

त्यांना हसायचं होतं. जमलं नाही.

त्यांनी सगळं केलं. ती राहिली नाही.

आज वर्ष झालं. सकाळी त्यांचा मेसेज आला.

"अजून अनट्रस्टेड. अभिमान आहे."

मलाही आहे.

मनीषा, रिपोर्ट पोचताहेत.

तुला नमस्कार.