बाजूला बसलेली जनाकाकी

जनाकाकीशी बोलायचं तर मार खायची तयारी ठेवावी लागे. दर वाक्याला ती समोरच्याच्या दंडावर थाप मारी. मुद्दा पटला नाही असं वाटलं तर दुसरी. किहीमजवळच्या त्या गावात मी शाळेवर रुजू झाले आणि तिच्या घराच्या मागच्या खोल्या भाड्यानं घेतल्या, तेव्हा चावी देतानाही तिनं मला एक थाप दिलीच. "बाई, एकटी म्हणून घाबरू नको. मी पण एकटीच हाय, मना कोणी खाल्लं काय?"

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पनवेलला, ट्रेलरच्या धंद्यात. सणाला यायचा, जेवायचा आणि फोन कानाला लावूनच परत जायचा. काकीची उमेदीची वर्षं मिठागरात गेली. आता वाडीतली जास्वंद आणि अबोली खुडून सकाळी गावदेवीला नेणं एवढंच तिचं काम उरलं होतं. देवीशी ती मोठ्यानं बोले: "लेकाला जरा आठवण दे गो, मी हाय अजून." पुजारी हसायचा. मला काही हसू यायचं नाही.

एका दिवाळीनंतर हे सगळं थांबलं. फुलांची रिकामी परडी ती माझ्या ओट्यावर ठेवू लागली. "तूच खुडून नेऊन दे, माझे गुडघे धरलेत." आणि गुडघे धरलेली ही बाई विहिरीवरून हंडे आणत होती. थापाही बंद झाल्या. बोलताना ती चार हात लांब उभी राही. जेवण कमी झालं, ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागलं. दिवसभर सब्जाचं पाणी पीत पडवीत बसायची. विचारलं की म्हणे, "मिठागरातली उष्णता हाय, भायेर पडतेय." मुलाला कळवू का म्हटलं, तर म्हणाली, "त्याला गाड्या हायत."

चैत्रात गावदेवीची पालखी दारोदार फिरते. घरच्या बाईनं खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालायचं, देवीची ओटी भरायची. काकीच्या दाराशी पालखी थांबली, तर दाराला आतून कडी. माणसं खोळंबली. म्हातारी देवीवर रुसली, असं कुणीतरी म्हणालं. शेवटी शेजारच्या सुमननं ओटी भरली आणि पालखी पुढं गेली. मी तणतणतच मागच्या वाडीत गेले. काकी माडाच्या बुंध्याशी, ढोलाच्या आवाजाकडं पाठ करून बसली होती.

"काकी, देवी दारात आणि तू इथं?"

"मना न्हाय चालत, बाई. शिवू नको."

"या वयात काय चालत नाही?"

तिनं मान खाली घातली. "संडासच्या जागनं रगत जातं. दिवाळीपासनं."

पाळी जाऊन जमाना झालेली ही बाई इतके महिने विटाळ पाळत होती. ताट वेगळं, अंथरूण वेगळं. आणि ज्याच्यापासून वेगळं व्हायचं असं दुसरं माणूसच घरात नव्हतं. मी म्हटलं, हा विटाळ नव्हे गं, आजार आहे. तर मलाच समजावून सांगते, "रगत ते रगत. देवी काय बघायला जातेय, कुठनं आलं ते?" मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी तिला अलिबागला नेलं. डॉक्टर बाई होत्या हे नशीब, नाहीतर काकी बाकावरून उठलीच नसती. त्यांनी हातमोजा घालून तपासलं, पोट दाबलं, पापणी ओढून पाहिली. बाहेर आल्यावर काकी एवढंच म्हणाली, "किती दिसांनी मना कोणी शिवलं गो."

डॉक्टर मला म्हणाल्या, "रक्त दिसलं की कॅन्सरच असं नाही. बहुतेकदा मूळव्याध असते, चीर असते, कधी आतड्याला सूज असते. पण ते घरी बसून ठरवायचं नाही. रक्त पुन्हा पुन्हा जातंय, शौचाची सवय बदललीय, वजन उतरलंय, मग थांबायचंच नाही. आणि खूप रक्त गेलं, डांबरासारखी काळी शौच झाली किंवा चक्कर आली, तर त्याच क्षणी निघायचं."

दुर्बिणीनं तपासलं, तुकडा काढला. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला आणि तो यकृतापर्यंत गेला होता. मुलगा आला, खूप रडला आणि तिला पनवेलला घेऊन गेला. निघताना गाडीत बसून ती मला म्हणाली, "मना वाटलं, जाईल आपोआप. सांगाया घरात कोण होतं?" पावसाळा संपायच्या आत ती गेली. वाडीत फुलं येत राहिली, पण परडी ठेवायला ओट्यावर कुणी येईना.

तिचं बारावं झालं आणि काही दिवसांनी सुमन माझ्या दाराशी आली. पदराशी चाळा करत म्हणाली, "बाई, मना पण जातं रगत. दुखतं पण. तू येशील?" मी तिला त्याच दवाखान्यात नेलं. बद्धकोष्ठानं पडलेली साधी चीर निघाली. मलम दिलं, पाणी आणि पालेभाजी वाढवायला सांगितली, पुन्हा दाखवायला बोलावलं.

सुमन स्टँडवर केळी घेत हसत होती. मला मात्र तिथंच रडू फुटलं. ती घाबरली. "बाई, रडतंस कशाला? माझं साधंच निघालं ना?"

"साधंच निघालं गं," मी म्हटलं. एवढीशी तपासणी करायची सोडून काकी विटाळ संपायची वाट बघत बसली होती.