काचेवरची माशी

विनोद कुठलीही वस्तू वापरून बघितल्याशिवाय विकत घेत नसे. नव्या चपला पायात घालून तो दुकानातून थेट मासळीबाजारापर्यंत चालत जायचा आणि परत येऊन सांगायचा, "डावी चावते." दुकानदार तोवर त्याची जुनी जोडी सांभाळत बसलेला असे. "आदी घालून बगू" हे त्याचं वाक्य उरणात आमच्या अख्ख्या आळीला पाठ होतं. माझ्या ते डोक्यात जायचं.

सरळच सांगतो, मला विनोदचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो. तो आमचा शेजारी, कंटेनर यार्डात नोकरीला, शिक्षणात माझ्या मागे आणि दिसायला बेताचा. हेवा करावा असं त्याच्यापाशी काही नव्हतं. पण माझे वडील त्याच्यापाशी जाऊन बसायचे.

आबांनी उभं आयुष्य बंदराच्या रस्त्यावर ट्रेलर चालवला. साखरेच्या आजाराने नजर अधू झाली, लायसन्स पुन्हा मिळालं नाही आणि गाडी विकून टाकावी लागली. मग ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत राहायचे. त्यांना विरंगुळा म्हणून मी मोठा टीव्ही आणला, तर त्यावर आई मालिका बघायला लागली.

विनोदकडे कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा खेळ होता. टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग, खाली पेडल. एकदा त्याने आबांना तिथे बसवलं. आबांनी थोडी गाडी चालवली आणि हात काढून घेतले. "मान वलवून आरसा बगता येत न्हाय. मंग ट्रेलर वलवायचा कसा?"

तेवढ्यावर विनोदने व्हीआर हेडसेट घ्यायचं ठरवलं. तो डोक्यावर चढवला की माणूस केबिनमध्ये बसल्यासारखा चहूबाजूंनी बघू शकतो. मी आयटीत असल्यामुळे सल्ला विचारायला तो माझ्याकडे आला. मी त्याला पिक्सेल समजावले, रिफ्रेश रेट समजावला, कॉम्प्युटरला कुठलं ग्राफिक्स कार्ड लागेल तेही सांगितलं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "वजन किती असंल? नि आत चष्मा मावंल का?"

"तुला कुठे चष्मा आहे?"

"आदी घालून बगू," तो म्हणाला.

वाशीच्या दुकानात मी त्याला सगळ्यात स्पष्ट चित्राचा हेडसेट दाखवला. विनोदने खिशातून एक चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. दांडीला दोरा गुंडाळलेला होता, म्हणून मी तो लगेच ओळखला. आबांचा जुना चष्मा. त्या नंबरातून त्याला धड दिसत नव्हतं, तरी चाचपडत त्याने एकेक हेडसेट डोक्यावर चढवून बघितला. मी निवडलेल्यात चष्मा नाकावर रुतत होता. दुसरा इतका जड की मान पुढे झुकली. शेवटी त्याने घेतला तो चित्राला जरा कमी, पण चष्म्यासकट नीट बसणारा. बाप माझा, चष्मा माझ्या बापाचा आणि ही गोष्ट सुचावी कुणाला, तर विनोदला!

पहिल्या दिवशी आबांना मळमळलं. "हलू हलू, काका. आज घाट नको, सरल रस्ता घ्या," म्हणत विनोदने त्यांना आल्याची वडी दिली. आठवडाभरात आबा घाटात पोचले. संध्याकाळचा चहा झाला की ते त्याच्याकडे जायचे आणि खिडकीतून मला त्यांचं हसणं ऐकू यायचं. घरी आले की मला विचारायचे, "जेवलास?" एवढंच. मग हात धुऊन पानावर बसायचे.

मग एका दुपारी आबांनीच घोळ घातला. घामाने हेडसेटची गादी ओली झाली होती. आमच्याकडे ओलं दिसलं की उन्हात टाकतात. आबांनी तो गच्चीवर, विनोदच्या आईने वाळत घातलेल्या जवळा मासळीशेजारी उताणा ठेवून दिला. भिंगांतून ऊन आत शिरलं आणि पडद्यावर कायमचा काळा डाग पडला. मला ते कळलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आता विनोद चिडेल, आबा घरी परत येतील.

विनोदने हेडसेट डोक्यावर चढवला, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, समोरच्या काचंला माशी चिकटलीय."

"मंग चालायचंच. हायवेला गाडी मारली की चिकटतेच," आबा म्हणाले आणि खुर्चीत बसले. त्या दिवसापासून त्या डागाला दोघं माशीच म्हणायचे. मला त्या माशीचाही हेवा वाटू लागला.

गेल्या वर्षी विनोदला ओमानच्या बंदरात नोकरी लागली. जाताना तो सगळं सामान आमच्या घरी आणून जोडून गेला. "वापरा, काका," एवढंच म्हणाला. आबा त्याला सोडायला नाक्यापर्यंत गेले आणि बराच वेळ तिथेच थांबले.

मी त्याच आठवड्यात ऑनलाइन सगळ्यात भारी हेडसेट मागवला. घालून बघायचा प्रश्न नव्हता, त्याची सगळी माहिती मला तोंडपाठ होती. आबांनी तो चढवला आणि गाडी काढली. मी शेजारी विनोदच्या जागी बसलो होतो.

"साफ दिसतंय का, आबा?"

"येकदम साफ. माशीबिशी काय न्हाय," आबा मोठ्याने म्हणाले. "विनोदच्यापेक्षा भारी हाय तुजा."

मला हवं होतं ते वाक्य मिळालं. मी खूश होऊन चहा आणायला उठलो, आणि टेबलावर नजर गेली. स्टिअरिंगच्या मागे, मला दिसू नये असा, त्यांचा चष्मा घडी करून ठेवलेला होता.

आबा गाडी हाकत होते. विनोदपाशी त्यांना असं खोटं कधी बोलावं लागलं नव्हतं.