एकाच आडनावाचे दोघे

आमच्या कचेरीत एका समाजसुधारकाच्या जयंतीला दरवर्षी त्याच आडनावाच्या सेनापतीच्या तसबिरीला हार पडतो. यंदा आमचे शिपाई पांडुमामा म्हणाले, "साहेब, हे तलवारवाले. जयंती शाळा काढणाऱ्यांची आहे."

"आडनाव तेच ना? मग झालं तर." साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही इतिहासाचे एम.ए. सांगा यांना."

मी म्हणालो, "साहेबांचं बरोबर आहे." सगळे मामांना हसले आणि डोळे मिटून रांगेत उभे राहिले.

आडनावावरून जात कळली की आमचं काम भागतं. मग तसबिरीत कुणीही असो. या अडाण्यांची मला किळस येते. पण त्यांना निदान ठाऊक नव्हतं. मला होतं. मामा हल्ली माझा चहा टेबलावर ठेवतात आणि माझ्याकडे न बघता निघून जातात.